उपकर सर्वांचा, ग्रंथ कोणाचा?

हेब्बाळमध्ये माझ्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेल्या नाहीत. दूध, भाजी, औषधे त्यांच्या दारी येतात. ग्रंथालयाचे पुस्तक मात्र येत नाही. ते मी माझ्या नावावर आणून देतो. ज्या दिवशी माझे गुडघे नकार देतील, त्या दिवशी आम्हा दोघांचेही वाचन थांबेल.

हा केवळ खासगी अडचणीचा नव्हे, तर सार्वजनिक वित्ताचा प्रश्न आहे. कर्नाटकाच्या १९६५च्या ग्रंथालय कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला. तो आज कररकमेच्या सहा टक्के आहे. घर स्वतःच्या नावावर असल्याने या बाईही तो भरतात. चालता न येणाऱ्यांना उपकरात सवलत नाही. मग सेवेतून ते कसे वगळले जातात?

ग्रंथ वाचकाकडे नेण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात शतकापूर्वी फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव जात. १९३१मध्ये मन्नारगुडीत बैलगाडीवरचे ग्रंथालय निघाले. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे सूत्र त्याच वर्षी मांडणारे रंगनाथन अखेरची वर्षे याच बंगळुरूत राहिले. नाशिकची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनाही २००९पासून वाचकगटांकडे पेट्या पाठविते. मात्र गावापर्यंत वा गटापर्यंत पोहोचलेली पेटी अंथरुणाला खिळलेल्या एकट्या वाचकाचा जिना चढत नाही.

डिजिटल ग्रंथालय आहे, असे उत्तर मिळते. ते उपयुक्त खरेच; पण मंद दृष्टी आणि थरथरती बोटे यांना पडदा हा पर्याय ठरतोच असे नाही. पुस्तके हरवतील, कर्मचारी अपुरे आहेत, हे आक्षेपही मी सेवेत असताना अनेक फायलींवर वाचले आहेत. त्यांवर उपाय साधा आहे : प्रत्येक शाखेत अशा सभासदांची वेगळी नोंदवही, आठवड्यातून एक ठरलेली फेरी आणि त्यासाठी उपकरातून राखीव तरतूद. गोळा झालेला उपकर महापालिकेकडून ग्रंथालय विभागाकडे वेळेवर वर्ग होत नाही, ही जुनी तक्रारही त्याच वेळी मिटवावी लागेल.

केंद्रानेही यात वाटा उचलावा. अंधांसाठीचे ब्रेल वाङ्मय टपालाने विनाशुल्क जाते. तोच न्याय ग्रंथालयाच्या अशा पुस्तकांना लावता येईल. प्रत्यक्षात डिसेंबर २०२४मध्ये नोंदणीकृत ग्रंथटपालाची स्वस्त सेवाच बंद झाली.

महाराष्ट्राच्या १९६७च्या कायद्यात उपकर नाही. तेथे ग्रंथालये वर्गवारीनुसार शासकीय अनुदानावर चालतात. त्या वर्गवारीच्या निकषांत घरपोच सेवेला गुण द्यावेत. कोणत्या शाखेच्या परिसरात असे किती वाचक आहेत, याची मोजणी दोन्ही राज्यांना या वर्षीच सुरू करता येईल. तिच्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. शासनाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.