वेल अक्षराच्या वजनाची हवी

दिवाळी अंकांची मांडणी सुरू होण्याआधी पानाच्या कडेच्या वेलबुट्टीबद्दल आमच्या व्यवसायबंधूंशी बोलायचे आहे. आज ही वेलबुट्टी आयती मिळते. तयार फाइल उघडायची, पानाच्या मापाला ताणायची आणि मधल्या जागेत मजकूर ओतायचा. ताणताना पाने लांबट होतात, उभ्या बाजूची रेघ एका जाडीची, तर आडव्या बाजूची दुसऱ्याच जाडीची दिसते. हे आम्हाला खटकते.

एर्हार्ट राटडोल्टने १४८२ मध्ये व्हेनिसला छापलेल्या युक्लिडचे पहिले पान पाहा. कडेला काळ्या जमिनीवर पांढऱ्या वेली आहेत. शेजारच्या गॉथिक टाइपाचा काळेपणा एवढा दाट आहे, की तिथे नाजूक रेघेची नक्षी फिकी पडली असती. विल्यम मॉरिसने १८९६ मध्ये पूर्ण केलेल्या चॉसरमध्येही हेच दिसते. पान वेलींनी गच्च भरलेले, तरी मजकूर दबत नाही, कारण अक्षरही तितकेच भरदार आहे.

सोळाव्या शतकातल्या रोबेर ग्राँजाँचे काम तर जुळाऱ्याच्या हाताला थेट कळेल असे. त्याने अख्खी चौकट कोरली नाही. पानांच्या वळणाचे सुटे खिळे केले. एक तुकडा डावीकडे वळणारा, दुसरा त्याचेच आरशातले रूप. दोन समोरासमोर ठेवले की कमान होते, पाठीला पाठ लावली की बुट्टी, आणि ओळीने लावत गेले की पट्टी. ही फुले अक्षरांसारखीच शिशाच्या मिश्रधातूत ओतलेली, त्याच चौकटीत आवळलेली, त्याच शाईने छापलेली. म्हणून ती पानात परकी वाटत नाहीत. विसाव्या शतकात मोनोटाइप कंपनीने ती पुन्हा ओतली, हे उगाच नाही.

देवनागरीत तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी. शिरोरेघेमुळे आपली ओळ वरच्या बाजूला आधीच जड असते. तिच्याशेजारी रोमन पानासाठी काढलेली केसासारखी बारीक वेल ठेवली, तर ती मळक्या रेघेसारखी दिसते.

तेव्हा यंदा आधी मजकुराचा टाइप आणि समास ठरवा, बॉर्डर त्यानंतर निवडा. पान खऱ्या मापात कागदावर काढा आणि देठाची जाडी अक्षराच्या दांड्याशी ताडून पाहा. मेळ बसत नसेल तर वेल काढून टाका आणि समास मोकळा सोडा.