शेजारचा उकिरडा आणि कुंपणाची झाडे

मोहाडी तालुका हा धानाचा प्रदेश आहे. गुरे अजून पुष्कळ घरी आहेत आणि गावठाणातील जागा मात्र आखूड आहे. त्यामुळे एकाच्या सांदवाडीला लागून दुसऱ्याचा खताचा खड्डा, हे चित्र नित्याचे होय. आषाढात खड्डा पाण्याने भरतो, सायंकाळी वारा पडतो आणि जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरात बसणे नकोसे होते. मग बोलाचाली होते, दोन घरांचे येणे-जाणे थांबते. अशा वेळी कोणीतरी सुचवितो की कुंपणाला रातराणी लावा, मोगरा लावा, म्हणजे वास झाकला जाईल. हा सल्ला सद्भावनेचा असला तरी अपुरा आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने तो जसाच्या तसा पुढे देऊ नये.

सुवासाने दुर्गंध नाहीसा होत नाही. दोन्ही एकाच हवेत राहतात. नाकाचा स्वभावही ध्यानी घ्यावा. जो वास सतत येतो त्याची नाकाला लवकर सवय होते. रातराणीचा घमघमाट घटकाभरात जाणवेनासा होतो, पण उकिरड्याचा वास वाऱ्याच्या झुळकीसरशी थांबून थांबून येतो, म्हणून तो दर वेळी नव्याने टोचतो. ज्याचा उकिरडा आहे त्याला वास येत नाही, याचेही कारण हेच. तो निगरगट्ट आहे असे शेजाऱ्याने समजू नये. शिवाय ऋतूचा मेळ बसत नाही. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात, आणि त्या दिवसांत खड्डा कोरडा किंवा रिकामाच असतो. खत चैत्र-वैशाखात बांध्यांवर गेलेले असते. वासाचा काळ आषाढापासून आश्विनापर्यंतचा. त्या काळात फुलणारे झाडच हवे असेल तर पारिजातक बरा. तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात रात्री फुलतो आणि कार्तिकापर्यंत साथ देतो.

वास कशाचा, हे आधी पाहावे. ताज्या शेणमूत्राचा, डोळ्यांना व नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा असतो. अमोनिया म्हणजे हवेत उडून चाललेले नत्र. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर ढिगात पाणी साचले आहे व हवा कोंडली आहे असे समजावे. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात सुमारे ५ किलो नत्र असते. उघड्या, भिजलेल्या ढिगातून त्याचा बराच अंश हवेत जातो किंवा पाण्याबरोबर नालीत वाहतो. हेच नत्र धानाला देण्यासाठी मग युरियाचे पोते विकत आणावे लागते. म्हणजे एका घराला होणारा त्रास आणि दुसऱ्या घराचे होणारे नुकसान ही एकच गोष्ट आहे. तक्रार घेऊन जाणाऱ्याने ती या भाषेत मांडली तर ऐकून घेतली जाण्याचा संभव अधिक. ‘तुमच्या घाणीने आमचे जगणे कठीण झाले’ या वाक्याने आजवर एकही खड्डा झाकला गेलेला नाही.

खड्डा झाकण्याचे शास्त्र नवे नाही. अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूर येथील प्रयोगांवर आधारलेले पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध केले. पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग करावा, हे त्या पद्धतीचे एक अंग होते. वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भंडारा जिल्ह्यात ही गोष्ट विशेष लागू पडते, तरी येथील बहुतेक उकिरडे बाराही महिने खड्ड्यातच असतात. विदर्भातच पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांच्या भोकदार टाक्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा टाक्यात काडीकचरा, शेणकाला व कोरडी माती यांचे थर देऊन वरून शेणमातीने लिंपावयाचे असते. लिंपण फुटले की ते पुन्हा करावे. तेवढे सांभाळले तर वास येत नाही आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते. टाके बांधण्याची ऐपत नसेल त्याने निदान रोजच्या शेणावर तणशीचा चुरा, पालापाचोळा व टोपलीभर कोरडी माती टाकावी आणि ढिगाभोवती पाणी अडविणारा मातीचा बांध घालावा. गुरांचे मूत्र कोठ्यातच माती किंवा तणस पसरून टिपून घेतल्यास निम्मी तक्रार तेथेच मिटेल.

एवढे झाल्यावर कुंपणाचा विचार करावा, कारण तेथे झाडांना खरे काम आहे. मात्र ते काम फुलांचे नसून पानांचे आहे. दुर्गंधाचा काही भाग धुळीच्या कणांवर बसून येतो. दाट पानांची भिंत ती धूळ अडविते आणि वाऱ्याला वर उचलून मोकळ्या हवेत मिसळविते. अमेरिकेत कोंबड्यांच्या व डुकरांच्या मोठ्या गोठ्यांभोवती अशा वृक्षरांगा लावून पाहण्यात आल्या आहेत. त्यांनी वास कमी होतो, नाहीसा होत नाही. उकिरडा डोळ्यांआड झाला की वासही कमी वाटू लागतो, हा लाभ वेगळाच.

अशी रांग जमिनीपासून दाट असावी. अडुळसा यासाठी उत्तम. तो बारमाही हिरवा राहतो, फांदीपासून लागतो आणि शेळ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. त्याच्या जोडीला निर्गुडी चालेल. दोन ओळी, एकीच्या फटीपुढे दुसरीचे झाड येईल अशा, दीड-दोन फुटांवर लावाव्यात आणि मागे जागा असल्यास एखादा करंज किंवा कडुनिंब ठेवावा. गिरिपुष्प झपाट्याने वाढतो, पण उन्हाळ्यापूर्वी पाने गाळतो. तरी त्याचा पाला बांधीत हिरवळीचे खत म्हणून चालतो, यास्तव एका टोकाला त्याची चार झाडे असावीत. पावसाळ्यात येथे वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. खड्डा त्या अंगाला असेल तर कुंपणाचा खर्च सार्थकी लागेल; पूर्वेला असेल तर घाई नाही.

काय लावू नये हेही सांगितले पाहिजे. बेशरम फुकट मिळतो व लवकर दाट होतो, म्हणून त्याचे कुंपण गावोगाव दिसते. तो आणि घाणेरी, दोन्ही गुरांना विषारी आहेत. कण्हेर तर अधिकच घातक. रातराणीच्या वासाने साप येतात ही समजूत खरी नव्हे. कोणत्याही दाट झुडपाखाली उंदीर-बेडूक वावरतात व त्यांच्या मागे साप येतो, म्हणून अडुळशाचा तळही साफ ठेवावा. रातराणी खिडकीशी लावू नये, रात्रभर तिच्या उग्र वासाने काहींचे डोके दुखते.

लागवडीला पहिला चांगला पाऊस झाल्यावरचे आठ-दहा दिवस योग्य. एकदा रोवणी सुरू झाली की कोणालाही सवड उरत नाही. फांद्या दोन्ही घरांनी मिळून आणाव्यात, आणि कुंपण पुढे दरवर्षी छाटले जाईल तेव्हा निघालेला पाला शेजाऱ्याच्या ढिगावर टाकण्याची बोली त्याच दिवशी करून घ्यावी.