मातीवरचा निबंध मातीपर्यंत यावा

(बी. ए. भाग 2)

कला शाखेच्या मुलीने चिकणमातीतील खनिजांवर लेख लिहायला घेतला, हे ऐकून आमच्या वर्गातल्या काही जणी हसल्या. "तुला काय करायचे ते? तू आपली कविता लिही," असेही एकीने सुचवले. कविता मी गेल्या वर्षी दिली होती. ती परत आली. का परत आली हे मात्र कोणी सांगितले नाही. या गोष्टीचा आजच्या विषयाशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

मी सातवीत असताना आमच्या वावरात एक जीप आली. तिघे जण उतरले. बाबांना विचारून त्यांनी धुऱ्याजवळ माणूसभर खोल खड्डा खणवून घेतला, त्याच्या एका बाजूला टेप लावला आणि वरपासून खालपर्यंत टप्प्याटप्प्याने माती काढून पिशव्यांत भरली. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी, तोंडाला दोरा. एकाने ओल्या मातीची बोटांत पट्टी वळून पाहिली आणि मान डोलावली. आईने चहा नेऊन दिला. ते गेले, बाबांनी खड्डा बुजवला, आणि त्यानंतर त्या मातीची काही वार्ता आमच्या घरी आली नाही. ते कोठून आले होते हे बाबांनी विचारले नव्हते. विचारण्याची रीत आपल्याकडे नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सहावीपर्यंत शिकले, आई सहीपुरती. माझे नाव दाखल झाले त्या रात्री जेवताना बाबांनी विचारले, "मंग आपल्या मातीचं काय झालं व? तुले आता इंग्रजी वाचता येते, पाह्य बरं कुठं छापलं का." जानेफळच्या एका शेतकऱ्याने सहा वर्षे मनात ठेवलेला हा प्रश्न होता, आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

उत्तराच्या मागे मी लागले ती लोणारच्या सहलीपासून. लोणार आमच्याच जिल्ह्यातले, मेहकरच्या पलीकडे. लहानपणी मी तेथे दर्शनाला गेलेली. पण भूगोलाच्या सरांनी काठावर उभे करून सांगितले ते नवीन होते. बेसॉल्टच्या काळ्या दगडात उल्का आदळून झालेले हे विवर, आणि त्यावर 1973 साली अमेरिकेच्या 'सायन्स' या साप्ताहिकात निबंध छापला गेला. पुढे 2003 साली हॅगर्टी आणि न्यूसम या दोन संशोधकांनी लोणारमधील सॅपोनाइट व सेलाडोनाइट या मृत्तिका-खनिजांवर लिहिले. आघाताच्या उष्णतेने तापलेल्या पाण्यामुळे दगडाची चिकणमाती कशी होते ते त्यांना पाहायचे होते, कारण मंगळावरची विवरेही बेसॉल्टमध्येच आहेत. म्हणजे आमच्या लोणारच्या चिखलावरून मंगळाचा अंदाज बांधला जातो, आणि लोणारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला त्याचा पत्ता नाही! मला अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

त्यानंतर मी मोबाइलवर अशी नियतकालिके शोधू लागले. केवळ चिकणमातीच्या खनिजांसाठी वाहिलेली नियतकालिके जगात आहेत हे वाचकांनाही नवल वाटेल. ब्रिटनमध्ये 1947 साली 'क्ले मिनरल्स बुलेटिन' सुरू झाले, 1965 पासून ते 'क्ले मिनरल्स' या नावाने निघते. अमेरिकेत 'क्लेज अँड क्ले मिनरल्स' आहे. आपल्याकडे नवी दिल्लीला क्ले मिनरल्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे, तिचे 'क्ले रिसर्च' 1982 पासूनचे. या सर्वांत लेख पाठवणाऱ्यांसाठी सूचना असतात. शब्दकोश जवळ घेऊन मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचल्या. निम्म्या कळल्या नाहीत. ज्या कळल्या त्यांनी मात्र मला जागे केले.

नमुना नेमका कोठून घेतला ते लिहा. किती खोलीवरून घेतला ते लिहा. तो कसा धुतला, कसा वाळवला, कोणत्या यंत्रावर तपासला, हे असे लिहा की दुसऱ्या कोणाला तेच पुन्हा करून पाहता येईल. जे दिसले ते एका भागात मांडा आणि त्यावरून तुम्हाला काय वाटते ते दुसऱ्या भागात. दोन्हींची भेसळ करू नका. ज्याने काम केले त्याचेच नाव घाला. हाच लेख त्याच वेळी दुसरीकडे पाठवलेला नाही असे लिहून द्या. मग संपादक तो लेख त्या विषयातल्या जाणकारांकडे पाठवतात. ते बिनपगारी वाचतात, बहुधा त्यांची नावे लेखकाला कळत नाहीत, आणि ते आपली हरकत मुद्द्यागणिक लिहून देतात. लेखकाने प्रत्येक हरकतीला उत्तर द्यायचे, दुरुस्ती करायची, पुन्हा पाठवायचे. यात महिने जातात, कधी वर्षही. आणि एवढे करून लेख नाकारलाही जातो, पण कारण सांगून. माझी कविता मला तेव्हा आठवली.

कामही काही सोपे नसते. मातीतला चुना आणि कुजका अंश काढून ती पाण्यात ढवळतात. वाळू तळाशी बसते, मग पोयटा, आणि 2 मायक्रॉनहून बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान कण पाण्यात तरंगत राहतात. तेच हवे असतात. आमची आजी पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून माती खाली बसवते. प्रयोगशाळेत उलटे, ती बसू नये म्हणून खटपट. ते पाणी काचेच्या पट्टीवर वाळवून त्यावर क्ष-किरण सोडतात. काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजे भरपूर असतात. त्यांचे थर एकावर एक रचलेले, पुस्तकाच्या पानांसारखे, आणि पानांमध्ये पाणी शिरते. ग्लायकॉलची वाफ दिली की दोन थरांतले अंतर 17 अँगस्ट्रॉमपर्यंत फुगते. 550 अंशांवर तापवले की 10 वर येऊन बसते. अशा फुगण्या-मिटण्यावरून खनिज ओळखायचे.

हे वाचताना माझ्या ध्यानात आले की ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. उन्हाळ्यात आमच्या वावराला भेगा पडतात, त्यांत हात कोपरापर्यंत जातो. वरची ढेकळे भेगांत पडतात, पाऊस आला की माती फुगते आणि खालचे वर, वरचे खाली होते. "वावर सोताच सोताले नांगरते," असे आबा म्हणत. शास्त्रज्ञांनी या जमिनीला व्हर्टिसॉल म्हटले ते 'उलटणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच. गाव पांढरीत आणि शेत काळीत, ही आपल्या पूर्वजांची विभागणी. काळीत बांधलेली भिंत तडकते हे त्यांनी पाहिले होते. का तडकते ते त्यांनी शोधले नाही, हेही खरे. अनुभव म्हणजेच विज्ञान असे म्हणणारे काही लोक असतात, त्यांच्यात मला जायचे नाही. आबांना भेगा माहीत होत्या, थर माहीत नव्हते.

आता माझे म्हणणे. आमच्या भागातल्या मातीवर जो शोधनिबंध लिहिला जाईल, तो कोणत्याही भाषेत असो, त्याला अर्ध्या पानाचा मराठी सारांश जोडलेला असावा. आणि ज्याच्या शेतातून माती नेली त्याच्याकडे, निदान त्याच्या ग्रामपंचायतीकडे, त्याची एक प्रत यावी. लेख नाकारला गेला तर तसे दोन ओळींत कळवावे.

यावर पहिला आक्षेप आमच्या घरीच, म्हणजे वसतिगृहाच्या खोलीतच निघाला. माझी मैत्रीण म्हणाली, परदेशी मासिक मराठी कशाला छापील? मी तिला जुने अंक दाखवले. 'क्लेज अँड क्ले मिनरल्स'च्या 1970 च्या दशकातल्या अंकांत इंग्रजी निबंधाच्या शेवटी रशियन, जर्मन आणि फ्रेंच भाषांत सारांश छापलेले आहेत. अमेरिका आणि रशिया यांचे त्या काळी काय सख्य होते ते आपण इतिहासाच्या पेपरात लिहितोच. तरीही रशियन वाचकासाठी अमेरिकन मासिकात जागा निघत होती, तीही खिळे जुळवण्याच्या आणि कागद जपून वापरण्याच्या काळात. आता तर कागदाचाही प्रश्न नाही. मूळ निबंधाला वेगळी पुरवणी जोडण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. मराठी सारांशाला नाही म्हणायचे तर कारण दुसरे शोधावे लागेल.

दुसरा आक्षेप, मराठीत शब्दच नाहीत. मला यात काही अर्थ दिसत नाही. मॉन्टमोरिलोनाइट हा शब्द इंग्रजीत तरी कोठे होता? फ्रान्समधल्या मॉन्मोरियाँ या गावावरून तो 1847 साली घेतला. नॉन्ट्रोनाइट हे नाँत्रों या गावावरून, केओलिन चीनमधल्या काओलिंगवरून, इलाइट 1937 साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यावरून. सगळी गावांचीच नावे. एखादे नवे खनिज पहिल्यांदा आमच्या शिवारात सापडले असते तर आज जपानी विद्यार्थी 'जानेफळाइट' पाठ करत बसला असता. नावे तशीच ठेवा, क्रियापदे मराठी घाला, एवढेच मागणे आहे. फुगते, आकसते, मुरते, साचते, चिघळते. आपल्याकडे मातीची क्रियापदे कमी नाहीत.

तिसरा आक्षेप थोडा खरा आहे. विज्ञानाला एक समाईक भाषा लागते. जर्मन आणि जपानी शास्त्रज्ञही आज इंग्रजीत लिहितात. म्हणून संपूर्ण निबंध मराठीत हवा असे मी म्हणत नाही. तसे केल्यास तो तपासायला परीक्षक मिळायचे नाहीत आणि तपासला न गेलेला निबंध शेतकऱ्याच्या काय कामाचा? शिवाय पैसे घेऊन आठवड्यात काहीही छापणारी खोटी नियतकालिके आज इतकी झाली आहेत की खऱ्या परीक्षणाची किंमत उलट वाढली आहे. मी सारांशच मागते, कारण पुष्कळ निबंध वाचायचे तर डॉलर भरावे लागतात, आणि फुकट वाचायला मिळतो तो सारांशच. तेवढे एकच दार उघडे असते. ते आमच्या भाषेत उघडावे.

हे करून पाहिल्यावाचून बोलू नये म्हणून मी एक प्रयोग केला. आमच्या जिल्ह्यात घाटाखाली खारपाणपट्टा आहे. माझी मावशी संग्रामपूर तालुक्यात दिलेली; त्यांच्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि पाऊस पडला की शेतात पाणी उभे राहते, मुरत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या याच जमिनींवर बालपांडे, देशपांडे आणि पाल यांचा निबंध 1996 साली 'लँड डिग्रेडेशन अँड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात आला आहे. सरांच्या मदतीने मी या विषयावर दीड पान मराठीत उतरवले. कोरड्या हवेत मातीत चुनखडी साचते. कॅल्शियम तिच्यात अडकून पडतो. मग चिकणमातीच्या कणांना सोडियम अधिकाधिक चिकटतो. असे कण पाण्यात सुटे होतात आणि मातीची छिद्रे बुजवतात. चोपण जमीन ठरवायला सोडियमची 15 टक्के ही मर्यादा सर्वत्र धरली जात असे. पूर्णेकाठी त्याहून बऱ्याच कमी सोडियमलाही पाणी मुरणे मंदावते असे दिसले. जिप्सम देतात ते याचसाठी, त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो.

दिवाळीत मी ते दीड पान मावशीच्या ओसरीवर वाचून दाखवले. काकांनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, "म्हन्जे निरा पान्याचा दोष नाही तर." ते इतकी वर्षे विहिरीलाच शिव्या देत होते. एकरी किती जिप्सम टाकायचे असे त्यांनी लगेच विचारले, त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. माती तपासून घ्या, असे मी सांगितले आणि ओशाळले. शेजारचे एक आजोबा म्हणाले, हा कागद ठेवून जा. मी ठेवून आले.

इथे आपल्या कला शाखेविषयीही एक शब्द बोलते, कोणी रागावू नये. आपण जे प्रकल्प लिहितो त्यांत नमुना कोठला, हे कधी लिहितो का? गेल्या वर्षी 'ग्रामीण स्त्रियांच्या समस्या' यावर आमच्या वर्गात अनेक वह्या लिहिल्या गेल्या आणि बहुतेकींत परिच्छेद तेच होते. माझ्याही. घरी आई समोर बसली असताना मी मार्गदर्शक पुस्तकातून उतरवून घेतले. मातीच्या खड्ड्याला टेप लावणाऱ्या माणसाने परत कळवले नाही ही त्याची चूक, पण त्याने खड्डा तरी खणला होता.

आमच्या वावरातल्या मातीचा निबंध मला अजून सापडलेला नाही. विदर्भाच्या काळ्या मातीवरचे सारांश मी बरेच चाळले. कोठे नुसता जिल्हा असतो, कोठे तालुका. कदाचित तो लिहिलाच गेला नसेल, कदाचित परीक्षकाने परत धाडला असेल. दिल्लीच्या संस्थेला मराठी सारांशाविषयी पत्र लिहून ठेवले आहे. इंग्रजीच्या मॅडमनी त्यात सात चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या, परीक्षा संपली की टाकीन. बाबांना पत्राचा मजकूर मराठीत सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्यात आपला गट नंबरही लिही."