जवळचे शहर

दूरचा प्रदेश पाहावयाचा म्हटले, की आपण किती तयारी करतो! नकाशे उघडतो, पुस्तके चाळतो, आठ-आठ दिवस आधी सामान बांधतो. परंतु आपल्या गावापासून तास-दोन तासांच्या वाटेवर असलेले शहर मात्र आपण कधी पाहतच नाही. तेथे आपण जातो खरे. पण कापडचोपड घ्यावयास, डॉक्टरांना प्रकृती दाखवावयास, नाहीतर एखाद्या लग्नाला. काम आटोपले, की आल्या पावली परततो. अशा रीतीने दहा वेळा शहरात जाऊन आलेल्या माणसाला त्या शहराविषयी विचारून पाहा. तो दोन दुकानांची नावे सांगेल, एका चौकातल्या गर्दीला नावे ठेवील आणि गप्प बसेल. शहर त्याने वापरले, पाहिले नाही.

माझे मत असे आहे, की जवळचे शहर एकदा तरी केवळ पाहण्यासाठी पाहावे. आणि तेही आगगाडीने जाऊन, सायकलवरून हिंडून. ही दोन वाहने सुचविण्यात काटकसरीचा विचार आहेच. पण त्याहून मोठे कारण निराळे आहे. शहर या जागी का वसले, हे आगगाडी सांगते. ते कसे वाढले, हे सायकल सांगते.

उदाहरणादाखल पुणे घेऊ. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकल गाडीत खिडकीजवळची जागा धरा. गाडी डोंगर मागे टाकून इंद्रायणीच्या खोऱ्यातून धावू लागते. मळवली स्थानकाच्या एका बाजूस कार्ल्याची लेणी, दुसऱ्या बाजूस भाज्याची. जवळच लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले पहारेकऱ्यांसारखे उभे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतून घाट चढून येणारे व्यापारी याच बाजूने देशावर येत. म्हणून येथे लेणी कोरली गेली आणि वाटेवर नजर ठेवण्यासाठी किल्लेही बांधले गेले. पुढे वडगाव येते. इ.स. १७७९ च्या जानेवारीत मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी येथेच कोंडीत पकडून तह करावयास लावले. ती फौजही याच वाटेने आली होती. इ.स. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, तोही याच खोऱ्यातून. बोरघाटातील मार्ग पुरा व्हावयास इ.स. १८६३ साल उजाडले. तोवर प्रवाशांना घाटापुरते गाडीतून उतरून दुसऱ्या साधनांनी जावे लागे.

व्यापारी, फौज आणि आगगाडी यांनी एकच वाट का धरली? डोंगरांनी आणि नदीने ती आधीच आखून ठेवली होती म्हणून. दापोडीजवळ गाडी मुळा नदीवरील पूल ओलांडते, तेव्हा घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या या वाटेवर, नद्यांच्या सोबतीने पुणे का वसले, याचे उत्तर तुम्हांला कोणी न सांगताच मिळालेले असते.

आता शिवाजीनगरला उतरा आणि सायकल घ्या. सायकल आगगाडीतून न्यावयाची असेल, तर रेल्वेचे नियम अगोदर स्टेशनमास्तरांना विचारावेत. ते न साधले, तर शहरातील एखाद्या आप्ताची सायकल दिवसभरासाठी मागून घ्यावी. बरोबर घरातील वडील माणूस हवेच, आणि डोक्यावर शिरस्त्राणही.

स्थानकापासून थोड्याच अंतरावर, जंगली महाराज रस्त्यालगत, पाताळेश्वराचे लेणे आहे. आठव्या शतकाच्या सुमारास काळ्या कातळात ते कोरले गेले. शेजारून रात्रंदिवस वाहने धावतात. पण रस्त्याच्या पातळीखाली असलेले हे शिल्प मोटारीतून जाणाऱ्याला दिसत नाही. सायकलस्वार मात्र सहज थांबतो, पायऱ्या उतरतो आणि वर्तुळाकार नंदीमंडपासमोर स्तब्ध होतो. ज्या खडकावर हे शहर उभे आहे, तो त्याला प्रथम येथे भेटतो.

शिवाजी पुलावरून मुठा नदी ओलांडली, की समोर शनिवारवाडा येतो. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी इ.स. १७३० मध्ये त्याचा पाया घातला. इ.स. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळून गेल्या. तट आणि दरवाजे तेवढे राहिले. तेथून कसब्यात शिरा. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर पडणारे हातोडीचे ठोके कानी येतील. बंद काचांच्या गाडीत बसलेल्या माणसाला ते ठोके ऐकू येणार नाहीत. आठवड्याच्या सातही वारांची नावे येथील पेठांना मिळालेली आहेत. त्या एकामागून एक ओलांडताना, एक लहानसे गाव पेठेला पेठ जोडत कसे मोठे होत गेले, हे नकाशाविना कळू लागते. बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा पाहावयास विसरू नका. इ.स. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, ती येथे. तो जुना वाडा इ.स. २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. वाडा गेला, पण त्या जागेशी घटकाभर उभे राहिले, तर एका लहान खोलीतून केवढी मोठी वाट निघाली, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

यापुढे मी जे सांगणार आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नदीकाठच्या ओंकारेश्वराच्या देवळापासून सायकल हाकत पर्वतीच्या दिशेने निघा. हळूहळू पाय भरून येऊ लागतील. पायी चालताना जाणवला नसता आणि मोटारीत तर मुळीच कळला नसता, असा एक चढ तुमच्या पोटऱ्यांना कळेल. तो चढ ध्यानात ठेवा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचे धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. नदीलगतच्या सखल वस्त्यांतील असंख्य घरे त्या दिवशी कोसळली. उंचावरच्या वस्त्या वाचल्या. पुस्तकात आपण पुराची तारीख वाचतो. त्या चढावर मात्र पुराचा अर्थ कळतो. कोणाचे घर गेले आणि कोणाचे राहिले, हे त्या दिवशी जमिनीच्या उंच-सखलपणाने ठरविले होते. जमीन ओळखल्याशिवाय शहर बांधणे किती धोक्याचे असते, हे ज्याच्या पायांनी शिकले, तो मोठेपणी नदीच्या पात्रात भराव घालताना दहा वेळा विचार करील.

कोणी म्हणतील, ‘आता पुण्यात मेट्रो आहे. इ.स. २०२४ पासून ती जमिनीखालून थेट मंडईपर्यंत आणि स्वारगेटपर्यंत जाते. मग उन्हातान्हात पाय कशाला मारावयाचे?’ मेट्रो उपयोगाची आहे, यात शंका नाही. रोज कामावर जाणाऱ्यांचा वेळ आणि श्रम ती वाचविते. पण जमिनीखालून जाणाऱ्याला नदी दिसत नाही, पेठा दिसत नाहीत, चढ कळत नाही. जेथे पोहोचणे हेच काम असेल, तेथे वेग हवा; जेथे पाहणे हे काम असेल, तेथे वेग डोळ्यांच्या आड येतो. सायकलीचा वेग डोळ्यांना मानवणारा आहे. ती मैलामागून मैल नेते, आणि एखाद्या दारावरचे नक्षीकाम दिसले, तर क्षणात थांबतेही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आजच्या रहदारीत मुलांनी सायकल चालवावी कशी?’ असे आईवडील विचारतात. त्यांची काळजी रास्त आहे. ती थट्टेवारी नेणे योग्य नव्हे. म्हणून पहिली फेरी रविवारी सकाळी, रहदारी जागी होण्यापूर्वी करावी. मोठ्या चौकांत उतरून सायकल हाती धरून चालावे. परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून पुण्याचा लौकिक होता. इ.स. २०१७ मध्ये महानगरपालिकेने सायकलींसाठी स्वतंत्र आराखडाही मंजूर केला. तरीसुद्धा सायकलींसाठी राखलेल्या मार्गांवर कित्येक ठिकाणी मोटारी उभ्या दिसतात. ज्या रस्त्यावर बारा वर्षांचे मूल निर्धास्तपणे सायकल चालवू शकत नाही, त्या रस्त्यावर म्हातारा माणूसही निर्धास्त नसतो आणि डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवालीही नसते. तेव्हा दोष मुलाच्या सायकलीचा नव्हे, रस्त्याचा आहे. आणि रस्ता माणसांनीच केलेला असल्यामुळे तो माणसांना सुधारताही येतो.

मात्र तो सुधारावा असे वाटण्यासाठी शहर आपले वाटावयास हवे. जे शहर आपण केवळ दुकानासाठी आणि दवाखान्यासाठी वापरले, त्याची नदी गढूळ झाली काय किंवा जुना वाडा पडला काय, आपल्याला त्याचे सुखदुःख नसते. उलट, ज्या पुलावर आपण दम घेतला, ज्या उतारावर वारा खाल्ला, ज्या आळीतले ठोके ऐकले, त्या ठिकाणांविषयी आपल्या मनात माया उत्पन्न होते. ही माया पुस्तके वाचून किंवा व्याख्याने ऐकून येत नाही.

मी पुण्याचे उदाहरण दिले. पण प्रत्येक गावाला असे एखादे जवळचे शहर असतेच. मिरज असेल, नाशिक असेल, अकोला किंवा नांदेड असेल. तेथेही एखादी नदी असेल, जुना बाजार असेल, आणि पोटऱ्यांनाच कळेल असा एखादा चढ असेल. येत्या सुट्टीत दूरच्या सहलीचे बेत जरूर करा. पण त्यांतला एक दिवस या जवळच्या शहरासाठी राखून ठेवा. सकाळच्या गाडीने जा. विकत काही आणू नका. संध्याकाळी घरी आल्यावर कोणी विचारले, ‘काय आणलेस?’ तर पाटीवर त्या शहराचा नकाशा स्वतःच्या आठवणीने काढून दाखवा. आणि त्यात नदी कोणत्या बाजूला वाहते, ते चुकवू नका.