घड्याळ माझे, हुकूम कोणाचा?

मनगटावरचे घड्याळ आपण पैसे मोजून घेतो, म्हणून ते आपले असते असा आपला सर्वांचा समज आहे. चावीच्या घड्याळापुरता तो खराही आहे. परंतु आता जी ‘स्मार्ट’ घड्याळे आली आहेत त्यांच्या बाबतीत तो कितपत खरा मानायचा, याचा विचार आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही करायला हवा असे मला वाटते. ‘हा विषय शास्त्र शाखेचा, तू कशाला त्यात पडतेस?’ असे मैत्रिणी म्हणतील. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. ‘हे आपले काम नव्हे’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की आता ते कोणी म्हटले की मुद्दाम ते काम पाहावेसे वाटते.

आमच्या आबांच्या हातात एच.एम.टी.चे घड्याळ आहे. ते बनवणारी एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. घड्याळाला त्याचा पत्ताही नाही. मध्येच कधी अडले तर तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळचा घड्याळवाला डोळ्याला भिंग लावतो, मागचे झाकण उघडतो, फुंकर मारतो, तेलाचा थेंब सोडतो आणि घड्याळ चालू लागते. कंपनी आहे की गेली, हे त्याला कधी विचारावे लागत नाही.

त्याच २०१६ सालच्या डिसेंबरात, तिकडे अमेरिकेत, पेबल नावाची घड्याळाची कंपनी बंद पडली. तिची कथा मोठी बोधक आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकलेल्या एरिक मिगिकोव्स्की या तरुणाने २०१२ साली किकस्टार्टरवर लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. अडुसष्ट हजारांहून अधिक लोकांनी मिळून एक कोटी डॉलरच्या वर रक्कम दिली. घड्याळाचा पडदा ‘ई-पेपर’ म्हणून ओळखला गेला. काटेकोर बोलायचे तर त्यात शाईचे कण नव्हते. तो आपल्या प्रत्येक ठिपक्याची स्थिती लक्षात ठेवणारा एक प्रकारचा एल.सी.डी. होता. पण कागदाचे गुण त्यात होते. उन्हात तो अधिक स्पष्ट दिसे, मागून दिवा पेटता ठेवावा लागत नसे, आणि त्यामुळे एकदा चार्ज केलेले घड्याळ आठवडाभर चाले. पुढच्या काही वर्षांत अशी वीस लाखांहून अधिक घड्याळे खपली.

मग कंपनी बुडाली आणि तिची बौद्धिक मालमत्ता फिटबिटने घेतली. लोकांच्या हातांतली घड्याळे त्याच दिवशी बिघडली का? नाही. पडदा, बटणे, बॅटरी सगळे ठीक होते. परंतु नवी अ‍ॅप्स, हवामान, बोलून उत्तर लिहिणे या गोष्टी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून येत होत्या, आणि ते सर्व्हर ३० जून २०१८ रोजी बंद झाले. रीबल नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने अ‍ॅप्सचा संग्रह आधीच उतरवून ठेवला होता. त्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि घड्याळे जगवली. पण त्यांनाही एका दारापुढे थांबावे लागले. ते दार म्हणजे फर्मवेअर.

फर्मवेअर म्हणजे घड्याळाच्या चिपमध्ये बसवलेली मूळ आज्ञावली. बटण दाबले की काय व्हावे, अक्षर पडद्यावर कसे उमटावे, फोनशी कसे बोलावे, हे सारे तीच ठरवते. आबांच्या घड्याळातली चक्रे झाकण उघडले की दिसतात. फर्मवेअर मात्र चिपमध्ये केवळ आकड्यांच्या रूपात असते, आणि ज्या मजकुरापासून ते आकडे तयार झाले तो मजकूर कंपनीच्या कपाटात राहतो. कपाट बंद, तर घड्याळवालाही आंधळा. रीबलच्या मंडळींनी ‘रीबल-ओएस’ या नावाने सगळे फर्मवेअर नव्याने लिहायला घेतले होते. काही भाग चाललाही. पण उघड्या डोळ्यांनी जे काम महिन्याचे, ते डोळ्यांवर पट्टी बांधून वर्षांचे होते, आणि ते अपुरेच राहिले.

कपाट उघडले ते २७ जानेवारी २०२५ रोजी. मधल्या काळात फिटबिट गूगलच्या ताब्यात गेली होती. गूगलने पेबलच्या फर्मवेअरचा बराचसा मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशा परवान्याखाली खुला केला. बराचसा म्हणते, कारण ब्लूटूथचा आणि चिपशी संबंधित काही भाग दुसऱ्या कंपन्यांच्या मालकीचा असल्याने काढून टाकला होता, आणि जसाच्या तसा तो मजकूर चालतही नव्हता. रिकाम्या जागी ब्लूटूथचा आधीपासून खुला असलेला दुसरा भाग बसवावा लागला. मिगिकोव्स्कींनी नवी कंपनी काढून त्याच फर्मवेअरवर चालणारे नवे घड्याळ १४९ डॉलरला जाहीर केले. (आमच्या बी.ए.च्या वर्षाच्या फीहून ही रक्कम जास्त आहे, तेव्हा माझ्या हातात ते कोणी शोधू नये.)

गूगलचे आभार मानावेत, पण थोडेच. कंपनी बंद होऊन आठ वर्षे लोटल्यावर आणि मालक दोनदा बदलल्यावर हे घडले. मधल्या काळात किती घड्याळे कचऱ्यात गेली असतील? एखाद्या मोठ्या कंपनीतल्या चार सज्जनांच्या मनात आले म्हणून मिळालेली किल्ली ही देणगी झाली, हक्क नव्हे. दुकान कायमचे बंद करणाऱ्याने किल्ली गिऱ्हाइकांच्या हाती ठेवलीच पाहिजे, असा कायदा असावा या मताची मी आहे. किल्ली मिळाली की भांडणे मिटतात असेही नाही. जुन्या अ‍ॅप्सच्या संग्रहावर हक्क कोणाचा, यावरून नोव्हेंबर २०२५ मध्ये रीबल आणि मिगिकोव्स्कींची नवी कंपनी यांच्यात जाहीर वाद झालाच. तरी तो वाद चारचौघांत झाला, हेही काही कमी नाही.

‘अर्धवट ज्ञानाने कोणी फर्मवेअर बदलले तर घड्याळ कायमचे बंद पडेल,’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण पेबलमध्ये एक लहानसे राखीव फर्मवेअर वेगळे ठेवलेले असते. मुख्य बिघडले तर त्याच्या आधाराने घड्याळ पुन्हा उभे राहते. म्हणजे करणाऱ्यांनी चुकण्याची सोय आधीच केली होती.

आता आपल्या शाखेचा प्रश्न. जुन्या पेबलवर मराठीतला निरोप आला तर काय दिसे? ओळीने रिकामे चौकोन. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, चिनी यांची सोय कंपनीने केली. आपली लिपी त्यात नव्हती. कंपनीला दोष देऊन काय उपयोग? तिला गिऱ्हाईक दिसले तिथे ती गेली. आणि नुसती अक्षरांची चित्रे भरून हे काम होणारे नाही. इंग्रजीची अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द झाला. ‘कि’ मात्र संगणकात आधी क आणि मग वेलांटी असा साठवतात, आणि पडद्यावर वेलांटी आधी काढावी लागते. क आणि ष जवळ आले की ‘क्ष’ हे तिसरेच रूप होते. वर मात्रा, खाली उकार, म्हणजे ओळीची उंची इंग्रजीहून अधिक. आणि पडदा तर १४४ ठिपके रुंद व १६८ ठिपके उंच, एवढाच.

त्यातही मराठीची स्वतःची अशी मागणी आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा र. हे चुकले तर गुरुजींना द्यायचे ते स्वयंपाक्याला मिळेल! हिंदीपुरती देवनागरी बसवणाऱ्याला हा फरक सुचणार नाही, आणि मराठी ल व श यांची वळणेही तो हिंदीचीच घेईल. हे त्याला सांगणार कोण? आज्ञावली लिहिणारा मुलगा हुशार असेल, पण पायमोडके अक्षर कुठे चालते आणि कुठे खटकते हे व्याकरणाचा पेपर देणाऱ्यालाच ठाऊक असते. फर्मवेअर बंद असते तोवर आपण फक्त अर्ज करू शकतो, ‘कृपया आमच्या भाषेचा विचार व्हावा.’ ते खुले झाले की अर्ज करण्याचे कारण उरत नाही, मात्र काम आपल्याच गळ्यात पडते.

असे काम आपल्याकडे पूर्वी झाले आहे. मुंबईत मिशनऱ्यांचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाछापखाना उभा केला आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग काढले. शाईत चरबी असते म्हणून लोक छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली असे सांगतात. यंत्राची रीत परक्यांची होती, पण ती उघड्यावर होती. पाहता येत होती, हाताने करून बघता येत होती, आणि शाई बदलायला कोणाची परवानगी लागत नव्हती. सोवळ्याची ती समजूत आज मला पटत नाही, पण त्यांची खटपट मात्र फार आवडते.

आपल्या कॉलेजात मराठी विभाग आणि संगणक कक्ष यांच्यामध्ये एक जिना आहे. त्या जिन्यावरून दोन्ही बाजूंची माणसे एकत्र चढउतार करताना मी फारशी पाहिलेली नाहीत. पेबलचे फर्मवेअर अभ्यासायला घड्याळ विकत घ्यावे लागत नाही. संगणकावरच घड्याळाची नक्कल चालवता येते. संगणक कक्ष तीननंतर रिकामा असतो. शास्त्र शाखेच्या दोघातिघांनी आज्ञावली वाचावी, आपण जोडाक्षरांची यादी करावी आणि प्रत्येकाचे रूप किती ठिपक्यांत बसते ते काढून द्यावे. संपूर्ण जोडणी एवढ्याशा चिपला झेपली नाही, तर शब्द फोनवरच जोडून त्याचे चित्र घड्याळाकडे पाठवण्याचाही विचार करता येईल. प्राध्यापकांपैकी कोणी मार्गदर्शन केले तर उत्तमच.

सुरुवात म्हणून मी चौकटीच्या वहीत ‘ऱ्हस्व’ हा शब्द चौदा ठिपक्यांच्या उंचीत बसवायला घेतला आहे. ‘ऱ्ह’ बसला, आणि वाचताही येतो. ‘स्व’मधला अर्धा स मात्र अजून र सारखा दिसतो, कोणाला काही सुचले तर मुलींच्या वाचनकक्षात खिडकीजवळच्या टेबलावर वही असते.