देवाची बाग आणि ५०,४९०

ग्वाल्हेर म्हटले की शिंद्यांचा राजवाडा आठवतो, तानसेनाची समाधी आठवते. शिंद्यांच्या पाठोपाठ कितीतरी मराठी घराणी तिकडे गेली आणि तिथलीच होऊन राहिली. पण त्याच्या कितीतरी आधीचा एक हिशेब तिथे किल्ल्याच्या चढावर, कातळातून कोरून काढलेल्या चतुर्भुज देवळात आहे.

तिथल्या शिलालेखावर विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ हे वर्ष आहे. देवाला फुलबागेसाठी जमीन दिली, तिची मापे त्यात आहेत : २७० हात आणि १८७ हात. त्या बागेतून देवाला रोज ५० हार मिळायचे होते. यातल्या २७० आणि ५० मधले शून्य आजच्यासारखेच गोल आहे, आकाराने जरा लहान एवढेच. हे जगातले पहिले शून्य नव्हे. ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम ६२८ सालीच सांगितले होते, आणि कंबोडियातल्या ६८३ च्या लेखात शून्य टिंबाच्या रूपात सापडते. पण इथे ते रोजच्या व्यवहारात उतरलेले दिसते.

वाचकहो, आता गुणाकार आपण करू. २७० गुणिले १८७ म्हणजे ५०,४९० चौरस हात. या संख्येचे मूळ अवयव पाडले तर २, तीन वेळा ३, मग ५, ११ आणि १७ मिळतात. अंकांची बेरीज येते १८. त्या १८ ने ५०,४९० ला भागा : बरोबर २,८०५, बाकी काही नाही. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना आपल्या देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणाऱ्या संख्या असे नाव दिले.

आता शेवटचे शून्य पुसून पाहा. उरले ५,०४९. अंकांची बेरीज तीच, १८. पण भाग लावला तर बाकी ९ उरते. हर्षदपण गेले! तेवढ्यावर भागत नाही. २७० चे २७ झाले की बाग दहावा हिस्सा उरते, आणि ५० चे ५ झाले की देवाचे ४५ हार रोज बुडतात. ‘काहीच नाही’ म्हणून ज्याला आपण हसतो, त्याच्यावर देवाची जमीन टिकून होती.

आपल्या सीमाभागात मराठी आणि कानडी आकड्यांची वळणे बरीच निराळी. शून्य मात्र दोन्हीकडे तेच गोल. मुलांना सुट्टीत २७०, १८७ आणि ५० यांतल्या हर्षद संख्या कोणत्या ते शोधायला सांगा. आणि आपण मोठ्यांनी जमिनीचा उतारा हाती आला की त्यातली शून्ये नीट मोजून घ्यावीत.