दोनदा दाबायचं बटण



आकाशात रस्ते नसतात. मैलाचे दगड नसतात, 'नागपूर २० किमी' अशी पाटी नसते आणि वाट विचारायला कोपऱ्यावर पानाची टपरीही नसते. मग दोन-चार माणसांचं छोटंसं विमान नेमकं हव्या त्या गावी पोचतं कसं?

पूर्वी वैमानिक मांडीवर नकाशा पसरून बसत. खाली नदी दिसली, रेल्वेचा रूळ दिसला, तलाव दिसला की नकाशावर शोधायचा. सोबत होकायंत्र आणि घड्याळ. ही रीत आजही शिकाऊ वैमानिकांना शिकवतात, आणि तिच्यातला एक नियम तुम्हालाही पाठ करता येईल: दिशा एका अंशाने चुकली, तर ६० किलोमीटर गेल्यावर तुम्ही वाटेपासून साधारण १ किलोमीटर बाजूला पडता. एक अंश म्हणजे कोनमापकावरची एक बारीक रेघ!

आता या नकाशाच्या जोडीला एक पेटी आली आहे. मोटारीत वेगाचा काटा असतो ना, तशा पुढच्या फळीत ती घट्ट बसवलेली असते. 'गार्मिन' या अमेरिकन कंपनीने १९९८ मध्ये 'जीएनएस ४३०' नावाची अशी पेटी आणली आणि ती जगभरच्या छोट्या विमानांत बसली. तिचं तोंड तुमच्या कंपासपेटीएवढं. त्यात रंगीत नकाशा, बोलायचा रेडिओ आणि जीपीएस, तिन्ही एकत्र.

जीपीएस म्हणजे काय? पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर निदान २४ उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह सारखा सांगत असतो, "मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले." हा निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी खाली पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतोच. किती वेळ लागला त्यावरून पेटी अंतर काढते. तीन उपग्रहांवरून जागा कळते. मग चौथा कशाला? पेटीचं स्वतःचं घड्याळ जुळवायला. कारण घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकलं, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. विमानातली पेटी तर पाचवा उपग्रहही शोधते. हा साक्षीदार. बाकीच्या चौघांत कोणी चुकीचं सांगत असेल, तर तो असल्यामुळेच पेटीच्या लक्षात येतं.

चला, आता डावीकडच्या खुर्चीत बसा. वैमानिक तुम्हीच! गोंदियाला वैमानिकांची प्रशिक्षण शाळा आहे. समजा, तिथून आपण नागपूरला निघालो आहोत. पेटीवर एक बटण आहे, त्यावर इंग्रजी 'डी' आणि त्यातून आरपार जाणारा बाण. अर्थ सरळ आहे: 'थेट तिकडे'. ते दाबा. आता उजवीकडची गोल कळ फिरवत एकेक अक्षर लावायचं. विमानतळांना सहसा चार अक्षरांचं नाव असतं. नागपूरचं आहे व्ही-ए-एन-पी. अक्षरं लावून झाली की 'एन्टर' दाबा.

पण विमान अजून कुठेही वळणार नाही. पेटी विमानतळाचं नाव-गाव पडद्यावर दाखवते आणि विचारते, "हेच ना?" तुम्ही पुन्हा 'एन्टर' दाबलं, तरच ती नागपूरपर्यंत सरळ रेघ काढते.

या दोन दाबांच्या मधले चार-पाच सेकंद फार महत्त्वाचे. घाईत व्ही-ए-बी-पी लागलं असेल, तर ते भोपाळ! नाव वाचलंत तर लगेच कळेल. शिवाय अंतर बघा. नागपूर गोंदियापासून सुमारे १४० किलोमीटर, पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकून. पडद्यावर साडेतीनशेच्या वरचा आकडा आणि वायव्य दिशा दिसली, तर काहीतरी गडबड आहे. पण हे ओळखायला नागपूर कुठे आहे ते आधी आपल्या डोक्यात हवं.

निघालो! आता वाऱ्याची गंमत बघा. नाक नागपूरकडे ठेवलं, पण वारा उत्तरेचा. मग विमान हळूहळू दक्षिणेला सरकतं, वाहत्या नदीतल्या होडीसारखं. पेटी दोन आकडे दाखवते: कोणत्या वाटेने जायला हवं, आणि खरोखर कोणत्या वाटेने चाललो आहोत. दोन्ही आकडे जुळेपर्यंत नाक थोडं उजवीकडे, वाऱ्याकडे वळवायचं. झालं! मात्र ती सरळ रेघ डोंगराला किंवा ढगाला विचारून काढलेली नसते. ते बघायचं काम आपलं.

आपल्याकडे कोणी "वडगावला जायचंय" म्हणालं की आपण लगेच विचारतो, "कोणतं वडगाव? मावळातलं की बुद्रुक?" हा एवढासा प्रश्न किती मोलाचा असतो, ते एका रात्री जगाला कळलं.

२० डिसेंबर १९९५. मायामीहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं बोईंग ७५७ हे विमान कोलंबिया देशातल्या काली शहराकडे उतरत होतं. हे मोठं प्रवासी विमान. त्यातला संगणक आपल्या पेटीहून निराळा, पण जागांची नावं त्यातही अशीच साठवलेली होती. वैमानिकांना समोरच्या 'रोझो' या रेडिओ-खुणेकडे जायचं होतं. कागदी नकाशावर तिचं अक्षर होतं 'आर'. त्यांनी 'आर' दाबलं. संगणकाच्या यादीत पहिला आला तो 'रोमिओ', बोगोटा शहराजवळचा, दोनशे किलोमीटरहून दूर. नीट न तपासता तोच निवडला गेला. अंधारात विमान डावीकडे वळलं आणि दरी सोडून डोंगरांत शिरलं. चूक लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता. विमानातल्या १६३ जणांपैकी १५९ जण गेले.

त्या रात्री आणखीही चुका झाल्या. पण यंत्र बिघडलेलं नव्हतं. सांगितलं ते त्याने इमानाने केलं.

म्हणून वैमानिकांना शिकवतात, पेटीवर विश्वास ठेवा, पण तिला विचारा आणि स्वतःही बघा. तिच्यातली माहितीही दर २८ दिवसांनी नवी भरतात, कारण खुणा आणि नावं बदलत असतात. तुम्ही मोबाइलवर गाव शोधता तेव्हाही हेच करा. 'जा' म्हणण्याआधी तालुका वाचा, अंतर बघा आणि मनाला विचारा, "हे पटतंय का?" गणिताचं उत्तर लिहिल्यावरही हाच प्रश्न चालतो बरं का!

जाता जाता एक कोडं. तुमची दिशा २ अंशांनी चुकली आणि तुम्ही तसेच १८० किलोमीटर उडालात. वाटेपासून किती दूर पडाल? आधी अंदाज करा, मग गणित करा. उत्तर पुढच्या अंकात सांगते.